सिद्धम्माकाकूंचं हलकं तेल

सिद्धम्माकाकूंचा विश्वास बसेल असा माणूस नळदुर्गात अजून जन्मायचाय. त्यात सिद्धलिंगकाकांच्या हृदयात स्प्रिंग बसवली आणि काकूंनी जगाशी वैरच मांडलं. डॉक्टरांनी तळण, वनस्पती तूप, बेकरीचा माल बंद सांगितला होता. काकू टोस्टसुद्धा कागदावर दाबून डाग पडतो का बघायच्या. दुकानातलं तेल भेसळीचं, म्हणून रानातली करडई घाण्यावर न्यायच्या आणि तेल पडेपर्यंत घाणेवाल्याच्या हातावरची नजर काढायच्या नाहीत. काकांचा स्वयंपाकही वेगळा, स्वतःच्या हातानं. सुनेवर भरवसा नाही.

काका संध्याकाळी हायवेच्या कडेनं फिरायला जात. तिकडं ढाबे. परतले की काकू दारातच त्यांच्या मिशांचा वास घेत, सदऱ्याच्या बाह्या तपासत. शेजारी म्हणून मी सोबत असलो, तर माझीही उलटतपासणी होई. काका हसून घ्यायचे. मला मात्र बाईचा संताप यायचा.

एवढं करून काकांच्या रक्तातली चरबी वाढलेलीच निघाली. काकूंना पुरावाच मिळाला. माझ्या गाडीतून त्यांनी काकांना सोलापूरला नेलं आणि डॉक्टरांसमोर उभं केलं. म्हणाल्या, यांना विचारा ढाब्यावर काय खातात.

डॉक्टरांनी काकूंनाच विचारलं, घरी फोडणी कशाची देता? काकूंनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सून पोरांसाठी पुऱ्या, भजी तळते. कढईतलं उरलेलं तेल त्या गाळून वेगळ्या किटलीत ठेवतात. तापून तापून त्यातली चरबी जळालेली असते, तेल हलकं होतं. म्हणून ते फक्त काकांच्या भाजीला. दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नाहीत.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की हलकं होत नाही, बिघडतं, आणि हृदयाच्या माणसाला तेच घातक, असं त्यांनी सावकाश समजावलं. ताजं तेल घाला, तेही बेतानं. ढाब्याचा विषय कुणी काढला नाही.

बाहेर येऊन काकू बाकावर बसल्या. मग काकांकडं न बघताच विचारलं, "तुमाला भाजीचा वास येत न्हवता?"

"येत व्हता की," काका म्हणाले. "लई खवट यायचा. पर तुझ्या हातचं हाय म्हटल्यावर म्या कशाला शंका घीन?"

काकूंनी पदर तोंडात कोंबला आणि त्या रडायला लागल्या.