टोपणभर औषध

आमच्या ह्यांना सगळा परिसर 'टपटपवाले' म्हणतो. एसीतून पलंगावर, सोफ्यावर, नाहीतर कुणाच्या टकलावर टपटप पाणी गळायला लागलं, की लोकांना ह्यांची आठवण होते. एरवी कुत्रं विचारत नाही. आणि कुत्र्याने विचारू नये अशीच ह्यांची इच्छा असते, कारण कुत्र्याला ते घाबरतात.

कुत्र्याला, पालीला, लिफ्टला, डॉक्टरला, अनोळखी नंबरवरून येणाऱ्या फोनला. माणूस मुळातच भित्रा. खिडकीबाहेर लोंबकळून एसीचा बाहेरचा डबा बसवणारे वेगळे, त्यांच्याकडे बघूनच ह्यांचे पाय लटपटतात. म्हणून ह्यांनी आयुष्यभर घरातलं काम धरलं, पाणी वाहून नेणारी नळी साफ करायचं. मी त्यांना पुष्कळदा चिडवलं असेल, पण खरं सांगायचं तर ते कामात चोख आहेत ते भीतीमुळेच. पुन्हा गळलं आणि गिऱ्हाईक ओरडलं तर, ह्या धास्तीने ते नळीचा उतार दोनदा तपासतात. ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओततात आणि बाहेर जाऊन ते पडतंय का हे बघत उभे राहतात. नळीचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं दिसलं तर घरच्यांना समजावतात, की टोक मोकळं ठेवा, नाहीतर पाणी अडतं.

ते मला नेहमी सांगतात, की एसी म्हणजे ओलाव्याचं घर. हवा थंड झाली की तिच्यातलं पाणी ट्रेमध्ये उतरतं आणि नळीने बाहेर जातं. त्या ओल्या अंधारात धूळ येऊन बसते आणि तिचा बुळबुळीत गाळ होतो. मग नळी तुंबते आणि पाणी आल्या वाटेने परत फिरतं. फिल्टर वेळच्या वेळी धुतला आणि नळीत अधूनमधून थोडं व्हिनेगर सोडलं तर ही वेळच येत नाही.

पण व्हिनेगर हा शब्द ह्यांच्या तोंडात कधी बसला नाही. नळीत जे काही ओतायचं ते ह्यांच्या भाषेत 'औषध'. आणि नळीत औषध ओततात असंही नाही, नळीला औषध पाजतात. "महिन्यातून एकदा टोपणभर पाजा, मग बघा कशी ठणठणीत राहते ते," असं गिऱ्हाइकाला सांगून एक बाटली ठेवून येतात. बाटल्याही खोकल्याच्या औषधाच्या, शेजारपाजारच्या रिकाम्या झालेल्या. त्यांच्या टोपणावर मापाच्या रेघा असतात ना, म्हणून. लोकांना गंमत वाटायची. मलाही वाटायची.

त्या दिवशी दुपारी हे जेवायला बसले ते खुशीत होते. सकाळचं काम अवघड निघालं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खोलीतला एसी त्यांच्या उशीवर गळत होता आणि नळीतला गाळ काळाकुट्ट, फुंकून हलेना, पंपाने हलेना.

"व्हिनेगरला दाद देईना," हे म्हणाले. "मग नळी पाण्याने धुऊन काढली आणि ब्लीच वापरलं, पाणी घालून पातळ केलेलं. आधी धुतली बरं का. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र झालं की विषारी वायू होतो."

"माहीत आहे. दहादा सांगितलंय."

"उरलेलं बाटलीत भरून ठेवून आलो. सून बिचारी कामावर निघाली होती, चपला घालत होती. मी म्हटलं, ताई, औषध टेबलावर ठेवलंय, टोपणभर पाजा. तर म्हणते, मला नाही पाजावं लागत, ते स्वतःच घेतात हो."

घास तोंडात तसाच राहिला. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे.

"कोण स्वतःच घेतात?" मी विचारलं.

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला आहे, पालीला बघून, कुत्र्याला बघून. हा तसला नव्हता. ओठसुद्धा पांढरे पडले.

"टेबलावर आजोबांची औषधं होती," हे म्हणाले. "तशाच बाटल्या. मी त्यांच्या शेजारीच ठेवली. एसी वरच आहे ना, म्हणून."

"आजोबा काय करत होते?"

"पडून होते. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत."

मी ह्यांच्या फोनवरून आजोबांच्या सुनेला फोन लावला. वाजत राहिला. ती कापडाच्या दुकानात काउंटरवर असते, फोन कपाटात ठेवावा लागतो, हे तिनेच सकाळी ह्यांना सांगितलं होतं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तोपर्यंत हे हात न धुताच जिन्यावर पोहोचले होते. मी ब्लीचचा मूळ डबा उचलला आणि मागे धावले.

रस्ताभर मी स्कूटरवर मागे बसून ह्यांच्या पाठीचा थरथराट अनुभवत होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण आज राक्षस खरा होता आणि तो आम्हीच टेबलावर ठेवून आलो होतो. सिग्नलला थांबलो की हे पुटपुटायचे, "टोपणभर म्हणालो मी. टोपणभर पाजा म्हणालो." मी एका हाताने डबा छातीशी धरला होता आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होते. पोटात गेल्यास उलटी करवू नये, तोंड धुवावे, ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे. सकाळपासून किती वेळ गेला होता ते मोजायची मला हिंमत झाली नाही.

दार वाजवलं. आतून काही नाही. ह्यांनी बेल दाबली ती दाबूनच ठेवली. शेजारणीने डोकं बाहेर काढून विचारलं, "काय झालं?" तरी हे बेल दाबतच राहिले. मग आतून पावलं घासत येताना ऐकू आली आणि दार उघडलं. आजोबा उभे होते. जिवंत, बनियनवर, केस विस्कटलेले.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी वास आला. त्यांच्या तोंडाला धुतलेल्या फरशीचा वास येत होता आणि ओठांच्या कडा लालभडक झाल्या होत्या.

मी ह्यांना दंडाला धरून मागे खेचलं. "विषबिष बोलू नका," मी कुजबुजले. "भीतीनेच प्राण सोडतील." आणि हसऱ्या चेहऱ्याने पुढे झाले. "आजोबा, टेबलावरचं औषध घेतलंत का हो?"

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. "सुनेने पाठवलं का तुम्हाला?"

"हो, तसंच समजा."

"घेतलं. टोपणभर. पूर्ण."

हे भिंतीला टेकून खाली बसले.

तोंड धुवायला लावलं, चूळ भरायला लावली. टेबलावरची बाटली घेतली, तिचं टोपण अजून ओलं होतं. शेजारणीने टॅक्सी थांबवली. टॅक्सीत आजोबा आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते आणि सारखं विचारत होते, "तपासणीला का? पण मी घेतलं ना सगळं?" हे त्यांचा हात सोडत नव्हते. मी सुनेला पुन्हा पुन्हा फोन लावत होते. शेवटी सुट्टीत तिने उचलला, आणि मी काय बोलले ते मला आता आठवतसुद्धा नाही. एवढंच आठवतं की पलीकडून ती ओरडली नाही. नुसतं "कुठलं हॉस्पिटल?" म्हणाली.

हॉस्पिटलात मी डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन डबा दाखवला, बाटली दाखवली, किती पाणी घातलं होतं ते ह्यांनी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याने मी आणखी घाबरले. त्यांनी आजोबांचं तोंड बॅटरीने बघितलं, छातीला यंत्र लावलं आणि मग आम्हाला बाहेर बोलावलं. तेवढ्यात सून धावत आली, दुकानाचा बिल्ला अजून छातीवर होता.

"तोंडात थोडं भाजलंय, त्याची काळजी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण टोपणभर खरंच गिळलं असेल तर अन्ननलिका बघावी लागेल. घशातून नळी घालून. त्यांचं हृदय नाजूक आहे, त्यात धोका आहे. न बघण्यातही आहे. नक्की किती गेलं ते कळलं असतं तर बरं होतं."

नळी म्हटल्यावर हे असे दचकले, की मला वाटलं आता हेच कोसळतात.

आम्ही सगळे आत गेलो. सून पलंगाशी उभी राहिली. "बाबा, खरं सांगा हं. औषध किती घेतलंत?"

"सगळं घेतलं गं," आजोबा म्हणाले. "एक थेंब टाकला नाही. ह्यांना विचार."

सुनेने तोंडावर हात धरला. डॉक्टरबाईंनी नर्सला खूण केली. नर्स ट्रॉली आणायला वळली.

आणि मग माझा नवरा पुढे झाला. मी त्यांचा शर्ट मागून धरला होता, तो माझ्या हातातून सुटला. ते पलंगाच्या कडेला गेले आणि आजोबांच्या अगदी तोंडासमोर वाकले. आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ होते.

"आजोबा, ते औषध नव्हतं. ते फरशी पुसायचं ब्लीच होतं, एसीच्या नळीसाठी. मी तुमच्या औषधाच्या बाटलीसारख्या बाटलीत भरून ठेवलं. चूक माझी आहे. तुमच्या सूनबाईंना काहीच माहीत नव्हतं. ते विष आहे, आजोबा. आता सांगा."

मला वाटलं होतं तसे आजोबा घाबरले नाहीत. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग बाटलीकडे, आणि मग हळूच, चोरासारखं, सुनेकडे. त्यांची खरी भीती कशाची होती ते मला तेव्हा दिसलं.

"म्हणजे ते औषध नव्हतंच?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग थुंकलो ते बरं केलं ना?"

"कुठे थुंकलात?" डॉक्टरबाईंनी पटकन विचारलं.

"रुमालात. तोंडात घेतल्या घेतल्याच. फार वाईट लागलं. रुमाल गादीखाली आहे." ते सुनेकडे न बघता बोलत होते. "जितकं कडू तितकं गुणाचं असं ही म्हणते, म्हणून आधी घेतलं होतं. खरंच."

डॉक्टरबाईंनी नर्सला थांबवलं. हे तिथेच खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांत तोंड झाकून लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सून मात्र तशीच उभी होती. ती ओरडेल, ह्यांच्यावर, माझ्यावर, ह्याची मी वाट बघत होते, आणि तो तिचा हक्कच होता. पण तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "रोज थुंकता?"

"रोज नाही," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.