अर्धी साक्ष

अमेरिकेत, प्लेनोला आल्यावर आम्ही ज्या चर्चमध्ये जाऊ लागलो, तिथे दर बुधवारी संध्याकाळी एक वर्ग भरायचा. ख्रिस्ती विचारानं पाश्चात्त्य जग कसं घडलं, हा विषय. शिकवणारे गृहस्थ निवृत्त इतिहास-शिक्षक. माझ्या नवऱ्याचा जॉब गेला तेव्हा महिनाभर ते आमच्या दारात जेवण ठेवून जात होते. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिताना हात अडखळतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? इकडे आल्यावर?"

"नाही, माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला होता. नगरकडे, अमेरिकन मिशनऱ्यांच्या हातून."

हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की पुढे मी त्यांच्या वर्गातलं जिवंत उदाहरणच झाले.

त्या बुधवारी विषय होता समता. इस्पितळं, विद्यापीठं, कायद्यापुढे सगळे सारखे, या सगळ्याच्या मुळाशी एकच श्रद्धा आहे, असं ते सांगत होते: प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला आहे. गुलामगिरीविरुद्ध उभे राहिले तेही बायबल हातात घेऊनच.

मागच्या रांगेत एक कृष्णवर्णीय बाई बसायच्या. शाळेत नर्स होत्या, फारसं बोलत नसत. त्या म्हणाल्या, "गुलाम ठेवणाऱ्यांच्या हातातही तेच पुस्तक होतं. माझ्या आजीच्या आजीला तिचे मालक दर रविवारी चर्चला न्यायचे. वर, माळ्यावर वेगळं बसवायचे."

"ते खरे ख्रिस्ती नव्हते," सर म्हणाले आणि घाईनं माझ्याकडे वळले. "तुम्ही साक्ष द्या. या विचारानं तुमच्या घराण्याला जातीतून कसं सोडवलं?"

मी उभी राहिले. पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, मिशनच्या शाळेत ते अक्षर शिकले, पुढे तिथेच मास्तर झाले, हे सांगितलं. एकही शब्द खोटा नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पार्किंगमध्ये त्या नर्सबाई माझ्या गाडीपाशी आल्या. "तुमच्या गावच्या चर्चमध्ये सगळे एकत्र बसायचे?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि निघून गेल्या. मी गाडीत बसले, पण बराच वेळ ती सुरू केली नाही. बाबांनी लहानपणी सांगितलेलं मला लख्ख आठवत होतं. वरच्या जातीतून आलेली दोन घरं पुढे बसायची. प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांनी ज्यातून प्यायचं तो एकच प्याला आधी त्यांच्याकडे जायचा, आमच्या लोकांकडे सगळ्यात शेवटी. एका वर्षी चर्चच्या पाळकांनी हा क्रम मोडला, तर ती दोन्ही घरं उठून गेली.

घरी नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "सोड ना यार. किती जुनी गोष्ट आहे ती."

पण पुढच्या बुधवारी मी हात वर केला आणि प्याल्याचं सगळं सांगितलं. नर्सबाईंकडे बघून म्हटलं, "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. माफ करा."

सरांचा चेहरा उतरला. "ही माणसांची चूक, विचाराची नाही," एवढं म्हणून त्यांनी पान उलटलं. त्यानंतर त्यांनी मला कधी उभं केलं नाही. भेटले की नवऱ्याची, मुलांची चौकशी करतात. पूर्वीसारखीच, प्रेमानं. त्या विचारावाचून माझ्या घरात अक्षर आलं नसतं, हे मलाही नाकारता येत नाही. वर्गात बसते, पण आता मागच्या रांगेत.

वर्गात बोलले त्यानंतरच्या रविवारी पुण्याला फोन केला तेव्हा बाबांनाही सांगितलं. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

"परक्या लोकांपुढे?" ते म्हणाले. "अगं, त्यांच्यापुढे तरी आपण सगळे एक होतो ना."

त्यांनी फोन आईकडे दिला.