उलथन्यावरचं नाव

बायको भिशीला गेली आहे. दोन तास तरी येत नाही. दार आतून लावून घेतलंय, आणि तरीही दोनदा उठून कडी तपासून आलोय — यावरून माझा स्वभाव तुमच्या लक्षात आला असेल. आता जे सांगणार आहे ते आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मित्रांजवळ नाही, भावाजवळ नाही, हिच्याजवळ तर नाहीच नाही. बहारीनमधले माझे बाकीचे घोटाळे मी तिखटमीठ लावून सांगतो. लग्नाच्या मांडवात चुकून बायकांच्या बाजूला शिरलो ते. शेखच्या घरचा एसी असा काही दुरुस्त केला की त्यातून गरम वारा यायला लागला ते. लोक हसतात, मीही हसतो. हा एक किस्सा मात्र मी कायम अर्ध्यावर सोडतो. ‘मग आम्ही ओढ्याकाठी तंबू ठोकले’ इथपर्यंत येतो आणि — चहा झाला का बघायला उठतो.

आज उठत नाही. कडी बघितली आहेच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पंप आणि एसी बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होतो आणि गुदैबियात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. हिवाळा आला की सगळं बहारीन वाळवंटात जाऊन तंबू ठोकतं. आमच्या चार मराठी कुटुंबांनाही दरवर्षी ती हुक्की यायची. त्या वर्षी मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, की वाळूत काय कुणीही लोळेल! मी तुम्हाला ओढ्याकाठी नेतो. झाडांच्या सावलीत. गावाकडे जायचो ना, तसं.

बहारीनमध्ये ओढा? नाही. नव्हताच. पण बुदैया रस्त्याला बू अहमद नावाच्या एका म्हाताऱ्या बहारीनी माणसाची खजुराची बाग होती. तिथला पंप मी दुरुस्त केला होता, त्यामुळे तो मला मान द्यायचा, ‘मुहंदिस’ म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर. दाट सावली होती आणि सावलीतून एक सिमेंटचा पाट वाहत होता. हात-दीड हात रुंद. त्याचा मी बोलता बोलता ओढा केला. तुम्हीच सांगा, एवढं तर कोणीही करतो ना? आपल्या तोंडून एकदा ओढा गेला की त्याला पाट कसं म्हणायचं?

गुरुवारी दुपारी तंबू लागले. पाट खळखळत होता. बायकांनी पाय सोडले, पोरांनी कागदाच्या होड्या सोडल्या, मी मिशीवरून हात फिरवला. बागेची राखण आणि पाण्याची सगळी व्यवस्था उस्मानकडे होती. रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेला. मराठी ऐकून तो आपणहून जवळ आला. म्हणाला, “इथला दगड बघा साहेब, पांढराफटक. आमच्याकडे जमीन उकरली की लाल चिरा. घर बांधतोय चिऱ्याचं. खिडकीपर्यंत आलंय. अजून दोन वर्षं इथे काढली की कौलं चढली.”

साधं बोलला बिचारा. परमुलखात आपल्या भाषेतला माणूस भेटला की कुणीही घराचं बोलतं. आणि माझ्या डोक्यात काय आलं? — हा मला हे का सांगतोय? याला काय पाहिजे?

मी असाच आहे. डब्यातले लाडू मोजून ठेवणारा. संध्याकाळी दोन कमी भरले. ते मीच येताना गाडीत खाल्ले होते, हे मला आठवत होतं का? आठवत होतं. तरी मी उस्मानच्या खोपटाकडे दोनदा वाकून बघितलं. ते का, ते मला आजही सांगता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी उठलो तर पाट कोरडा.

एक थेंब नाही. कालच्या होड्या तळाशी चिकटून पडलेल्या. कुलकर्णी — बँकेतला, जिभेला हाड नसलेला — कपडे काखोटीला मारून पाटाच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला, “काय इंजिनिअर, ओढा मस्कतला गेला काय तुमचा?” त्याची धाकटी लगेच, “अंकल, व्हेअर इज द रिव्हर?” सगळे हसले. बायकोही हसली. तिचं हसणं जास्त लागलं.

मला वाटलं, उस्मानचंच काम. काल मी खोपटाकडे बघत होतो ते त्याला दिसलं असणार, म्हणून मुद्दाम पाणी तोडलं. नाहीतर शेजारच्या बागेला विकत असेल! बघा, झोपेतून उठून पाच मिनिटं झाली नव्हती आणि मी त्या माणसाला चोर ठरवून मोकळा झालो होतो.

बाकीची मंडळी किल्ला बघायला निघाली. मराठी माणूस समुद्रापार गेला तरी किल्ला शोधतोच. मी म्हटलं, तुम्ही जा, मी सामान राखतो. आणि तुम्ही परत याल तेव्हा पाणी आणून दाखवतो.

ते गेले. मी पाटाच्या कडेकडेनं वर गेलो. पंपाच्या अलीकडे पाटाला दोन फाटे होते. एक आमच्या बाजूला, दुसरा शेजारच्या बागेत, बू अहमदच्या चुलतभावाकडे. आमच्या फाट्याच्या तोंडाशी गोणपाट, खजुराचा काथ्या आणि चिखल यांचा घट्ट बोळा बसवलेला. सगळं पाणी पलीकडे चाललेलं.

इथे थांबतो जरा. कारण हा माझा अडाणीपणा होता असं तुम्हाला वाटेल, आणि तुम्हाला तसं वाटावं अशी माझी इच्छाही आहे. पण तसं नाही. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे पाटाच्या पाण्याला पाळी असते. आज तुझी, उद्या माझी. एका पाळीवरून आमचे काका सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलले नव्हते. भर पाटात बोळा दिसला म्हणजे पलीकडे कुणाची तरी पाळी चालू आहे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. उस्मान पाणी विकत नव्हता. तो दारं धरत होता, पाळीप्रमाणे पाणी फिरवत होता. मला ते त्या क्षणी, बोळ्यासमोर उभं असताना, लख्ख कळलं.

कळलं, आणि मी तंबूकडे परत जाऊन उलथनं घेऊन आलो.

बोळा हातानं हलेना म्हणून. स्टीलचं, लांब दांड्याचं उलथनं. हिला लग्नात डाव, झारा, उलथनं असा संच मिळाला होता आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक दांड्यावर नाव कोरून घेतलेलं. दांडा बोळ्यात खुपसला, कचकचून उपटला. पाणी असं उसळून आलं म्हणता! सुटलेला बोळा पलीकडच्या तोंडाशी जाऊन बसला तो तसाच राहू दिला. धावत तंबूशी आलो, कलिंगड पाटात सोडलं, पँट वर केली आणि पाय बुडवून बसलो. त्या दोन तासांत मी किती सुखात होतो हे सांगायची लाज वाटते. उलथनं? ते तिथेच राहिलं. आठवण कुणाला होती?

दोन तासांनी पिकअप आली. बू अहमद, त्याचा चुलतभाऊ आणि मागे उभा उस्मान. चुलतभावाचा आवाज बागभर. अरबीचे मला चारच शब्द येतात, पण काय झालं हे कळायला तेवढे पुरले. त्यानं आदल्या दिवशी टोमॅटोची रोपं लावली होती. पहिलं पाणी त्या सकाळी मिळायचं होतं. ते रोपांपर्यंत पोचायच्या आधीच तुटलं, आणि वाऱ्यावर रोपांनी माना टाकल्या. पाण्यावरून दोघा भावांचं जुनं वैर होतं, ते नुकतं कुठे मिटलं होतं. आता कुणीतरी दोषी निघाल्याशिवाय ते पुन्हा मिटणार नव्हतं.

बू अहमदच्या हातात उलथनं होतं. चिखलानं भरलेलं.

त्यानं ते माझ्यापुढे धरलं. चुलतभावाचं म्हणणं होतं की वस्तू तंबूवाल्यांची आहे. उस्मान म्हणत होता, माझी नाही. बू अहमदला भांडण नको होतं, फक्त खरं हवं होतं. त्यानं अंगठ्यानं दांडा पुसला आणि त्याच्या मोडक्या हिंदीत विचारलं, “मुहंदिस, ये तुमारा हिंदी लिखा है. तुम पढो. किसका नाम?”

किती सोपं होतं! बायकोचं नाव वाचायचं. जीभ चावायची, हसायचं, चुकलो म्हणायचं. रोपांची भरपाई देऊ म्हणायचं. फार तर बू अहमद पुढच्या वर्षी बागेत येऊ देणार नाही. माझं दुसरं काय जाणार होतं? कुलकर्णी वर्षभर चिडवणार होता. बस्स. एवढंच. आणि उस्मानचं काय जाणार होतं, तेही मला माहीत होतं. आदल्या दुपारीच सांगितलं होतं त्यानं. खिडकीपर्यंत आलेलं घर.

मी दांडा हातात घेतला. डोळे बारीक केले, जणू अक्षर लागत नाहीये. आणि वाचलं, “उस्मान.”

उस्मान पिकअपमधून खाली उतरला. ओरडला नाही. माझ्याजवळ येऊन मराठीत हळू म्हणाला, “साहेब, नीट वाचा. सातवी शिकलोय मी. मलाही येतं वाचायला.”

मी बू अहमदकडे बघत राहिलो. उस्माननं मग अरबीत सांगायला सुरुवात केली — हात हलवत, दांड्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवत. बू अहमदनं त्याला थांबवलं. “मुहंदिस झूठ बोलेगा?” एवढंच म्हणाला. मग उलथनं उस्मानच्या हातात दिलं. तुझं आहे ना, ठेव. “खलास.”

मंडळी परत आली तेव्हा पाट पुन्हा कोरडा होता आणि कलिंगड चिखलात बसलं होतं. यावर कुलकर्णीनं काय काय विनोद केले ते आता आठवत नाही. बायकोनं थालीपीठं थापली, मग उलथनं शोधलं, सगळे डबे पालथे घातले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “त्या उस्माननं नेलं असेल. कालचे लाडू पण कमी होते.”

हो. हेही म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्याचा व्हिसा कॅन्सल झाल्याचं कळलं. हिवाळा सरून हवा तापायला लागली होती; एका शुक्रवारी दुपारी बेल वाजली. मी दाराच्या भोकातून बघितलं, तो होता. धुतलेला शर्ट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी हिला खूण केली, मी आंघोळीला गेलोय म्हण, आणि आतल्या खोलीत जाऊन दारामागे उभा राहिलो. लाजेनं? नाही हो. मी हिशोब करत होतो, हा आता काय मागणार? कसं धमकावणार? याला कसं वाटेला लावायचं? ज्याला मी देशोधडीला लावलं त्याच्यावर मी दारामागून नजर ठेवून होतो!

त्यानं काही मागितलं नाही. “वहिनी, हे तुमचं मळ्यात राहिलं होतं,” म्हणाला. “नाव अजून नीट वाचता येतंय.”

ही हरखली. त्याला बसवलं, चहा टाकला. पोरंबाळं किती, घर कुठे, सगळं विचारलं. मग तिनं विचारलं, “पण भाऊ, हे सापडलं कुठे तुम्हाला?”

आणि तेवढ्यात आतल्या खोलीतला एसी सुरू झाला. मी स्वतः बसवलेला. घरघर, घरघर. तो काहीतरी बोलत होता — बराच वेळ बोलत होता, की मला तसं वाटलं? — आणि मला एक शब्द ऐकू आला नाही. एसी थांबला तेव्हा बाहेरचं दार लागल्याचा आवाज झाला. दुसऱ्या दिवशी तो विमानानं गेला.

त्याला आता तीसेक वर्षं झाली. आम्हीही कधीच परत आलो. एकदा एका लग्नासाठी रत्नागिरीकडे गेलो होतो. त्याच्या गावाच्या फाट्याची पाटी दिसली. बाजूला लाल चिऱ्यांचे ढीग होते. ड्रायव्हरनं विचारलं, “चहाला थांबायचं का?” मी म्हटलं, “पुढे घे.”

बायको त्या दुपारबद्दल कधी काही बोलली नाही. तिला माहीत आहे का? संच होता तीन नगांचा. डाव आणि झारा कुठल्या कुठे गेले, उलथनं तिनं सांभाळलं. घासायला बाईला देत नाही, स्वतः घासते. ताटात थालीपीठ वाढते आणि उलथनं टेबलावर ठेवते, तेव्हा नावाची बाजू दर वेळी माझ्याकडे असते. दर वेळी! की मीच तसं बघतो? तीस वर्षं मी तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघतोय आणि ती म्हणते, “जेवा ना, गार होतंय.”

आत्ता ते माझ्यासमोर आहे. चष्मा लावलाय. टोकाला जरा वाकलंय, बोळा उपटताना वाकलं होतं तेवढंच. अक्षरं झिजली आहेत, पण लागतात. नीट वाचा, म्हणाला होता तो.

वाचतो.

‘सुनंदास, मामांकडून.’