कमलाकररावांचं पार्सल

नॉटिंगहॅममधले आमचे शेजारी कमलाकरराव यांच्याकडे दुनळी बंदूक आहे, हे कळलं की पाहुणे खुर्ची जरा मागे घेतात. घाबरण्यासारखं काही नाही. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलेला माणूस. बंदुकीनं आजवर फक्त हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडल्या, त्याही नेमबाजीच्या क्लबात, रविवारी, रीतसर लायसन्स काढून. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहायचं आणि लगेच तेलाच्या फडक्यानं पुसायचं, नळी गंजू नये म्हणून.

२००६ मध्ये खांद्यानं राजीनामा दिला. बंदूक कुणाला, हा प्रश्नच नव्हता. क्लबातला जोडीदार गर्शोन, त्याला शब्द दिलेला. गर्शोन लंडनमध्ये इल्फर्डला राहायला गेला होता आणि दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. एकाच तबकडीवर दोघांनी बार काढला होता. फोडली कुणी, यावरून.

"शब्द पाळायचा, तोंड बघायचं नाही," कमलाकरराव म्हणाले. "आसावरी, तू शनिवारी लंडनला, वेम्बलीला चालली आहेस ना? ने की."

"मला आत टाकतील, काका."

मग त्यांनी पार्सल केलं. जुन्या चादरीत शिवलं, वर जांभळ्या शाईनं पत्ता. आत बेसनाचे लाडूही, कारण दस्त्यापाशी जागा उरली होती.

"आधी पोलिसांना विचारा," मी म्हटलं, "नाहीतर लाडू पुरावा म्हणून जप्त होतील."

पोलिसांच्या लायसन्स खात्यातली बाई फोनवर फार गोड बोलली. असं पोस्टानं नाही. बंदूक समोरासमोर, हातोहात द्यायची. घेणाऱ्याचं बंदुकीचं सर्टिफिकेट बघायचं, त्यावर तुमच्या हातानं नोंद करून सही करायची. सात दिवसांत दोघांनी आम्हाला कळवायचं, आणि ते पत्र मात्र रजिस्टर पोस्टानं. तोंड बघायचंच नसेल तर परवानाधारक दुकानदारामार्फत द्या.

"म्हणजे देणारा म्हणून नाव कुणाचं?"

"दुकानदाराचं."

कमलाकररावांनी फोन ठेवला आणि कात्री मागितली. टाके उसवले. "रविवारी गाडी काढ."

इल्फर्डला गर्शोननं दार उघडलं. "ये."

"सर्टिफिकेट आण."

पुढची वीस मिनिटं नुसतं लिहिणं. गर्शोनची बायको ज्युलिएट चहा ठेवून गेली, लाडवांचा डबा घेऊन गेली. बंदुकीचा नंबर कमलाकररावांनी तीनदा ताडून पाहिला.

"ती तबकडी?" गर्शोननं विचारलं.

"फॉर्ममध्ये तो रकाना नाही," म्हणत कमलाकररावांनी सही केली.

तीन महिन्यांनी गर्शोनचा फोन. दस्ता त्याला लांब पडतो, खांद्याला नीट बसत नाही. परत पाठवू का?

"पोस्टानं चालत नाही," कमलाकरराव म्हणाले. एवढ्या आनंदानं कायदा सांगताना मी कुणाला ऐकलेलं नाही. "तुला यावं लागेल. जेवायलाच ये. आणि सर्टिफिकेट माझं चालू आहे अजून, खांदा काय, बघू."

मला म्हणाले, "बेसन आहे का गं घरात?"