आधी पाणी, मग मत

"दार उघडलं की आधी पाणी मागायचं. मत नाही मागायचं." एवढं सांगून मावशी पर्सची चेन खर्रकन ओढायच्या. चेन लागली की विषय संपला, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या टाउनहाउसच्या रांगेत तिसरं घर त्यांचं. ॲन आर्बरपासून तासाभरावरचं आमचं गाव. मावशी मूळच्या नागपूरच्या, पण अर्धं आयुष्य मिशिगनमध्ये गेलेलं, एका दातांच्या डॉक्टरकडे बिलिंग बघायच्या. काका कधीच गेलेले. घरात त्या आणि इथेच जन्मलेली त्यांची एकुलती एक मुलगी. तुम्ही म्हणाल, अशा मावशी प्रत्येक गावात असतात. असतात हो! पण आमच्या मावशींनी निवडणूक फिरवली.

त्या वर्षी आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मतपत्रिकेवर एक प्रस्ताव आला, लोकांनी थेट हो-नाही ठरवायचा. तोवर व्यसनापायी छोटीमोठी चोरी करणाऱ्याला कोर्ट तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवायचं. उपचार नीट पूर्ण केले की माणूस मोकळा. ही सोय बंद करा आणि तो पैसा नव्या तुरुंगाला द्या, असा तो प्रस्ताव. अंगणाअंगणात बोर्ड लागले, चोरांना धडा शिकवा म्हणून. आणि मावशींची मुलगी नेमकी त्याच उपचारांत अर्ध्यावर होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुखण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या त्या सुटेचनात. मग दुकानातून वस्तू उचलून विकणं, मग पोलीस. वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं, ही सोय गेली तर मुलीला तुरुंगात जावं लागेल.

दुसरी कुणी आई असती तर दार लावून रडली असती. मावशींनी पदर खोचला. म्हणजे जॅकेटची झिप लावली, पण अर्थ तोच.

विरोधातली मोहीम डेनिस नावाची निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर स्वतःच्या गॅरेजमधून चालवत होती. मावशी मलाही घेऊन गेल्या. मी म्हटलं, "मावशी, मी एच-वन व्हिसावर आहे, मला मत नाही."

"मत नाही, पाय आहेत नं? चल."

डेनिसचा बेत साधा होता. दार वाजवा, पत्रक द्या, अर्ध्या मिनिटात मुद्दा सांगा, पुढचं दार. मावशींनी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. "हे थेट रीसायकलिंगच्या डब्यात जाईल बाप्पा," मला मराठीत म्हणाल्या आणि मग डेनिसला इंग्रजीत समजावलं. ज्याने आपल्याला पाणी दिलं, तो आपल्या तोंडावर दार लावत नाही. रिकामा ग्लास घ्यायला त्याला थांबावंच लागतं. आणि पाणी दिलं की आपण पाहुणे, पाहुण्यावर कुणी खेकसत नाही. डेनिसने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला तरी कुठे पटलं होतं?

पहिल्या शनिवारी सपशेल फजिती. अमेरिकन माणूस फार चांगला, पाणी मागितलं की पटकन बाटली हातात देतो, "हॅव अ गुड वन" म्हणतो आणि दार लावतो. संध्याकाळी माझ्या गाडीच्या डिकीत बाटल्याच बाटल्या! मी हसून हसून बेजार. मावशी मात्र गंभीर. पुढच्या शनिवारपासून त्यांनी वाक्य बदललं, "नळाचं द्या, ग्लासात. बाटलीचं मला सोसत नाही." आणि मग असा घोट घोट प्यायच्या की बास. त्या घोटांच्या मधे त्यांचा एकच प्रश्न असायचा, "तुमच्या घरी कुणाला असा त्रास आहे का? माझ्या मुलीला आहे."

काय सांगू तुम्हाला! कुणाचा भाऊ, कुणाची सून, कुणाचा शाळेपासूनचा मित्र. दार अर्धं उघडं धरून माणसं बोलत राहायची. थंडीने माझे कान गळून पडायची वेळ यायची, पण बोलणं थांबायचं नाही. डेनिसने तिसऱ्या आठवड्यात पत्रकं बाजूला ठेवली आणि सगळ्यांनाच पाणी मागायला पाठवलं. एक अडचण तेवढी राहिली. इतकं पाणी प्यायल्यावर जी अडचण येते तीच! मावशी त्यालाही तयार. "बाथरूम वापरू का?" म्हणत थेट आत. आत गेल्या की मत पक्कं, हा त्यांचा दावा होता.

एका घरापुढे बोर्ड होता, प्रस्तावाच्या बाजूचा. मी म्हटलं, हे सोडू या. मावशी पायऱ्या चढल्यासुद्धा. एक धिप्पाड सुतार बाहेर आला. पाणी दिलं त्याने, पण बोलला तडकून. त्याच्या ट्रकमधून हत्यारं चोरीला गेली होती, महिनाभर धंदा बसला होता. "आणि मी त्या चोरांची दया करू?"

मावशींनी ग्लास खाली ठेवला. "ती माझी मुलगीही असू शकेल," त्या म्हणाल्या. "मी माफी मागते. काय काय गेलं तुमचं?"

मग त्याने एकेक हत्यार सांगितलं आणि मावशींनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत. निघताना तो म्हणाला, "मुलगी बरी आहे का आता?" बोर्ड त्याने काढला नाही. गाडीत बसल्यावर मावशी ढसाढसा रडल्या, आणि मीही रडले. मग नाकं पुसून पुढच्या गल्लीत गेलो.

सगळ्यात अवघड निघाली ती आपली माणसं. आपल्याकडे पाणी मागितलं की पाणी येतं, मग चहा येतो, मग पोहे येतात, "जेवूनच जा आता" होतं आणि दुपार तीन घरांत खलास! पुन्हा विषय काढला की, "मावशी, पॉलिटिक्स नको हो," "आपल्या मुलांत नसतं असलं काही." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! माझं डोकं असं तापायचं. एका घरी काकूंनी साळसूदपणे विचारलं, "तुमची मुलगी काय करते हल्ली?" गावभर माहीत होतं, तरी.

मावशी म्हणाल्या, "व्यसनातून बाहेर पडतेय. फार कष्ट करतेय पोट्टी."

पोह्यांच्या बशा गोळा करायची एकदम घाई झाली. मला वाटलं, हे घर गेलं. पण आम्ही गॅरेजमध्ये बूट घालत होतो तेव्हा त्याच काकू मागोमाग आल्या, दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या भाच्याचं तसंच झालंय, मावशी. घरात कुणाला सांगितलेलं नाही." मावशींनी एक बूट घातलेला, एक हातात, तशाच त्यांना जवळ घेतलं. तेव्हापासून आमचं ठरलं, मराठी घरात काम सोफ्यावर होत नाही, बूट घालताना होतं. निरोप घ्यायला आपण निदान पंधरा मिनिटं लावतोच. मावशींनी त्या पंधरा मिनिटांवर पन्नासेक घरं जिंकली.

निकाल मतदानाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी ऑफिसच्या कॉलवर होते. फोनवर डेनिसचा मेसेज दिसला आणि मी किंचाळले, "पडला! पडला!" म्यूट करायचं राहिलं होतं. अख्ख्या टीमने ऐकलं आणि मॅनेजरने विचारलं, कोण पडलं, लागलं का फार? थोडक्या मतांनी का होईना, प्रस्ताव आडवा झाला होता! मी मोजे घालूनच मावशींच्या दारात धावले. डेनिस आधीच पोचली होती आणि मावशी तिला घट्ट धरून ओट्याजवळ गोल गोल फिरत होत्या. त्या दोघी जणी फुगडीच घालत होत्या हो! मुलगी जिन्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि मग तीही खाली आली. मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय.

आता मावशी इथे नाहीत. मुलीला शेजारच्या राज्यात नोकरी लागली, दोघी तिकडे गेल्या. तिसऱ्या घरात नवं कुटुंब आलंय, चांगली माणसं आहेत. मला तरी ते मावशींचंच घर वाटतं.

त्या निकालानंतरच्या वसंतात, त्या इथे होत्या तेव्हाच, मुलीचे उपचार पूर्ण झाले. कोर्टात न्यायाधीश बाई खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ आल्या, हात मिळवला आणि खटला संपल्याचं सांगितलं. परतताना गाडी मुलगी चालवत होती, मावशी तिच्या शेजारी, मी मागे. हायवेला लागलो तेवढ्यात घुर्र घुर्र असा मोठा आवाज यायला लागला. मावशींची मान खिडकीला टेकली होती, तोंड उघडं, आणि त्या चक्क घोरत होत्या.

मुलीने रेडिओ बंद केला. आरशातून माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "शी स्नोअर्स! आय नेव्हर न्यू."

तिला कसं माहीत असणार? रात्री कितीही उशिरा ती घरी यायची, तेव्हा मावशी कायम जाग्या असायच्या.