पेन्सिलीचा रकाना

दवाखान्याच्या खिडकीमागे बसणाऱ्या वहीताईला मी ती नऊ वर्षांची असल्यापासून ओळखते. चौथीत माझ्या वर्गात होती. भिंतीकडेच्या पहिल्या बाकावर बसायची आणि उत्तर येत नसलं तरी प्रश्नाखालची जागा कोरी ठेवायची नाही. ‘माहीत नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहायची. मला हसू आलं होतं, पण शाबासकीही दिली होती. कोरी जागा सोडू नका, असं वर्गाला रोज सांगणारी मीच होते.

पुढे ती आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात नोंदणीला लागली. त्याला आता बावीस वर्षं झाली. तिच्या टेबलावरच्या लांबरुंद, जाड पुठ्ठ्याच्या वह्यांवरून लोकांनी तिचं नाव वहीताई पाडलं, आणि तिचं खरं नाव बहुधा तिच्या घरचेही विसरले असतील. नाव, वय, पत्ता, काय होतंय, केव्हापासून होतंय, सगळं विचारल्याशिवाय ती चिठ्ठी देत नसे. औषधं देणारा कंपाउंडर तिच्या शेजारच्याच खिडकीत बसतो. त्याच्या जिभेला हाड नाही. तो म्हणायचा, “ताई, उद्या यमराज आला ना, तर त्यालाही तुम्ही रांगेत उभं करून जन्मतारीख विचाराल.”

“विचारेन की. रेड्याचंही वय लिहून घेईन.”

तिची एक पद्धत मात्र कुणी शिकवलेली नव्हती. नाव आणि आजार ती शाईने लिही, पण काही पत्ते पेन्सिलीने. घरी न सांगता आलेली सून, दारू सोडायच्या गोळ्या नेणारा गृहस्थ, पाळी चुकली म्हणून एकटीच आलेली कॉलेजातली मुलगी, अशांचे. उपचार संपले की आवाज खाली आणून विचारायची, “हे राहू दे का?” समोरच्याने मान हलवली की खोडरबर फिरवायची. मला एकदा म्हणाली होती, “बाई, शाई दवाखान्याची आणि पेन्सिल माणसाची.” त्या पेन्सिलीला तिच्या अंबाड्यात जागा होती.

गेल्या वर्षी वह्या गेल्या आणि संगणक आला. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारे साहेब म्हणाले, आता सगळं क्लाउडवर. वहीताईने विचारलं, “म्हणजे कुठे?” साहेबांनी बोट वर केलं, सगळे हसले. ती हसली नाही. तेव्हा त्यांनी नीट समजावलं. दूर कुठेतरी मोठाल्या इमारती असतात, त्यांत थंड हवेत यंत्रांच्या रांगा रात्रंदिवस चालू असतात, आणि आपण इथे टाइप केलेलं तिथे जाऊन राहतं. तेही एका ठिकाणी नाही, दोन-तीन ठिकाणी, म्हणजे एकीकडे आग लागली तरी काही हरवत नाही. माणूस कुठल्याही दवाखान्यात गेला की त्याचे कागद त्याच्या आधी तिथे हजर.

तिला ते आवडलं होतं, हे मी मुद्दाम सांगते. एकदा दवाखान्याच्या फाटकाशी एक अनोळखी ट्रकचालक बेशुद्ध पडला. त्याच्या खिशातल्या ओळखपत्रावरून तिने नाव घातलं आणि पडद्यावर त्याला न सोसणाऱ्या इंजेक्शनचं नाव आलं. तेच इंजेक्शन डॉक्टरीणबाईंच्या हातात भरून तयार होतं. त्या संध्याकाळी ती धापा टाकत माझ्याकडे सांगायला आली होती. “बाई, माझ्या इतक्या वर्षांच्या वह्यांनी हे कधी केलं नसतं.”

मग तो बुधवार आला. बुधवार हा लसीकरणाचा वार, रांग पार पायऱ्यांपर्यंत. निळी पिशवी घेतलेली एक तरुण बाई अडीच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन खिडकीशी आली.

“आधीचं लसीचं कार्ड?”

“राहिलं. आधीच्या घरी.”

“असू दे, आता कार्ड लागत नाही. मुलीचं नाव आणि जन्मतारीख सांगा.”

नोंद लगेच सापडली. ‘हेच बालक आहे का?’ असं पडद्यावर आलं. वहीताईने ‘हो’ दाबलं. एका माणसाच्या दोन नोंदी झालेल्या तिला कधी खपत नाहीत. मग सध्याच्या पत्त्याचा रकाना आला, शेजारी लाल चांदणी. तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

“पत्ता लागतोच का?” बाईने विचारलं.

“लागतो हो. त्याशिवाय हे मला लस देऊ देत नाही.”

बाईने मागे वळून रांगेकडे पाहिलं आणि हळूच पत्ता सांगितला. वहीताईने तिचं ते वळून पाहणं पाहिलं होतं. तिचा हात अंबाड्याकडे गेलाही होता. पण पेन्सिलीने लिहायचं कुठे? मागे तीस माणसं होती. तिने पत्ता टाइप केला, आणि अर्धवट काही लिहिणं जमत नसल्याने पूर्ण केला. बाजारामागची गल्ली, इस्त्रीचं दुकान, वरचा मजला, डावीकडची खोली.

लस टोचली, मुलगी रडली, कंपाउंडरने अंगठ्यावर शाईने डोळे काढून तिला हसवलं. पडद्यावर आलं, ‘नोंद पूर्ण. पालकांच्या मोबाइलवर संदेश पाठवला.’

“मेसेज आला का बघा,” वहीताई म्हणाली.

बाईने फोन पाहिला. “नाही.”

“शेवटचे अंक चार सात ना?”

बाईचा चेहरा उतरला. “तो माझा नंबर नाही,” ती म्हणाली. मग अगदी हळू, “त्यात पत्ता असतो?”

वहीताईने पाठवलेला संदेश उघडला. लसीचं नाव, पुढच्या डोसची तारीख, आणि खाली, ‘आपला नवा पत्ता नोंदवला आहे.’ इस्त्रीचं दुकान, वरचा मजला, डावीकडची खोली.

“अकरा महिने झाले,” बाई म्हणाली. “अकरा महिन्यांत शेजारणीलासुद्धा माझं खरं नाव कळू दिलं नाही.” तिने डावी बाही वर केली. कोपर सरळ होत नव्हतं. “पोलिसांत दोनदा गेले होते. दोन्ही वेळा नवऱ्यालाच बोलावून समजूत घातली आणि मला त्याच्याबरोबर घरी पाठवलं.”

वहीताईने तिला आत औषधांच्या खोलीत बसवलं आणि संगणकाच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलत होती.

“नोंद पुसायचीय मला. आत्ता, ताबडतोब.”

“नोंद दुरुस्त करता येते ताई, पुसता येत नाही. जुनी प्रत राहतेच.”

“मग तो मोबाइल नंबर तरी काढा.”

“काढते ना. त्या नंबरवर आत्ता सहा आकडे जातील, ते मला सांगा.”

“अहो, ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच विचारून काढायचं?”

पलीकडची बाई आता वेगळ्याच, खऱ्या आवाजात म्हणाली, “मला कळतंय हो ताई. पण माझ्या पडद्यावर दुसरं बटणच नाही.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हा सिस्टिमचा दोष आहे, तुमचा नाही.”

“बटण माझ्या बोटाने दाबलंय,” वहीताई म्हणाली.

अडीच वाजता दवाखान्याचा फोन वाजला. पुरुषाचा आवाज, शांत, आदबशीर. “आज माझ्या मुलीला लस दिलीत तुम्ही. फार आभार. ताप वगैरे येतो का हो यानंतर?”

“येतो कधीकधी,” वहीताई कशीबशी म्हणाली.

“आणि पत्ता तोच ना, इस्त्रीच्या दुकानावरचा?”

बावीस वर्षांत तिने नोंदीबाबत एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. “नाही, तो पत्ता चुकलाय. दुसऱ्याच कुणाचा पडलाय.”

“असं?” तो किंचित हसला. “पण इथे तर स्पष्ट लिहिलंय. मी निघालोच आहे. संध्याकाळच्या गाडीने पोहोचेन.”

तिने खिडकी बंद केली. तीन वाजता ती खिडकी बंद झालेली आमच्या भागात कुणी पाहिली नव्हती. रांगेतले लोक ओरडायला लागले, तेव्हा कंपाउंडर तोंड भरून खोटं बोलला, “ताईंना चक्कर आलीय, माझ्याकडे या, मीही जन्मतारीख विचारतो.” वहीताई दोघी मायलेकींना घेऊन बाजारामागच्या गल्लीत गेली. दहा मिनिटांत सगळा संसार निळ्या पिशवीत मावला. मग त्या तिघी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, तुमचा पत्ता कुठेच लिहिलेला नाही,” वहीताई म्हणाली. “म्हणजे यांच्या नावापुढे.”

मी त्यांना आत घेतलं. काय काय झालं ते मला तिने स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगितलं. सांगताना हाताला काही हवं म्हणून माझे चमचे पुसून पुसून एका रेषेत लावत होती.

पोरगी गुणी होती. माझ्या चष्म्याच्या घराशी खेळत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दूधवाल्याने बेल वाजवली. मी दार उघडून मागे वळले तर पोरगी कुठे दिसेना. ती टेबलाखाली होती. कुणी सांगितलं नव्हतं, दटावलं नव्हतं. आपली आपण शिरली होती आणि स्वतःच्याच तळहाताने तोंड दाबून बसली होती. अडीच वर्षांचं लेकरू. चाळीस वर्षं मुलांना शांत बसायला शिकवलं मी, पण असं शांत बसलेलं मूल पाहायला नको वाटतं.

आठ वाजता वहीताई आली. तिने एका कागदावर आजवरच्या सगळ्या लसी पेन्सिलीने लिहून आणल्या होत्या, पुढच्या डोसच्या तारखेसकट. “पुढची लस घ्याल तिथे हा दाखवा. संगणकावर नाव घालू नका म्हणावं. ऐकलं तर ऐकलं.” मग ती पोरीच्या आईकडे पाहत राहिली. तिच्या ओठांवर प्रश्न आलेला मला दिसत होता, जन्मभराची सवय ती. कुठे जाणार? पण तिने विचारलं नाही. मलाही खुणेने गप्प केलं. मायलेकी कोपऱ्यावर कुठल्या दिशेला वळल्या तेही पाहायचं नाही, म्हणून तिने माझं दार लोटून घेतलं.

त्याच दिवशी अकरा वाजता तो खिडकीशी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात खेळण्यातलं अस्वल. “खोली रिकामी आहे. कुठे गेल्या?”

“माहीत नाही.”

चौथीतल्या वहीतलं उत्तर. यावेळी ते खरं असावं म्हणून तिने किती काय केलं होतं. कंपाउंडर आपली खिडकी सोडून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता, आणि त्या दिवशी त्यालाही एक विनोद सुचला नाही. तो माणूस तासभर बाकावर बसला. आरडाओरडा नाही, शिवी नाही. जाताना खिडकीशी वाकून म्हणाला, “तुम्ही घाबरू नका ताई. तुम्ही तर मला मदतच केलीत. आता पुढच्या डोसचा मेसेज येईलच.”

तिने तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, ‘आपली सूचना नोंदवली आहे.’ रोज सकाळी संगणक सुरू केला की राहिलेल्या डोसांची यादी येते. त्यात ती मुलगी आहे. चार आठवड्यांनी डोसची तारीख उलटली आणि तिची ओळ लाल झाली. कुठेतरी कुणी तिला नावानिशी लस दिली की ओळ हिरवी होईल, आणि त्याच क्षणी चार सातने संपणाऱ्या त्या नंबरवर दवाखान्याचं नाव जाईल. वहीताई दार उघडते, पंखा लावते, आणि पडदा उजळेपर्यंत डोळे मिटून बसते. कंपाउंडर म्हणतो, तेवढा वेळ तिचे ओठ पांढरे असतात.

परवा मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला लवकर गेले होते. खिडकीतून मला तिचे मिटलेले डोळे दिसले. मग तिने ते उघडले, यादीवरून बोट खाली नेलं आणि थांबवलं.

“लाल आहे,” ती म्हणाली आणि तिने केवढा तरी श्वास सोडला.

मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “डोस चुकला हो बाई लेकराचा.”