टिटवीचा देव

आमच्या व्याह्यांइतकी पाखरांची सरबराई करणारा माणूस घोड नदीच्या दोन्ही काठांना सापडायचा नाही. माणसांशी मात्र ते भांडल्यासारखंच बोलतात. सगळा जन्म एसटीत कंडक्टर होते. उन्हाळ्यात मी लेकीकडे गेले की रोज संध्याकाळी मला धरणावर फिरायला नेत. पाणी आटून काठ लांबवर उघडा पडलेला असे. छत्री काखेत, पण उघडायची नाही, पाखरं बिचकतात म्हणे. मी जरा रेंगाळले की मागं न बघता ओरडत, "पुढं सरका, इहीणबाई!" समोर बगळे दिसले की मला मैलभर वळसा. मी कुरकुरले तर म्हणत, "जेवत्यात ती. पंगतीतनं जाता का कवा तुम्ही?"

एका वर्षी टिटवीनं उघड्या गाळात चार अंडी घातली, नेमकी गाळ वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या वाटेवर. व्याही दोन दिवस चाकांपुढे आडवे उभे राहिले. ड्रायव्हर हसायचे. "आबा, धरण टिटवीच्या नावावर हाय का?" तिसऱ्या दिवशी व्याह्यांनी गुपचूप अंड्यांशेजारी एक धोंडा ठेवला आणि त्याला शेंदूर फासला. झालं! तेच ड्रायव्हर चपला काढून पाया पडले आणि लांबून ट्रॅक्टर नेऊ लागले.

अंड्यांचं आणि धोंड्याचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंगळवार. गाळात नवा देव निघाल्याचं लेकीच्या शेजारणीकडून कळलं, म्हणून मी एकटीच गेले आणि धोंड्यावर दणकन नारळ फोडला. मागून व्याही धावत आले. "अहो, देव न्हाई त्यो! शेंदूर मीच लावलाय!" तोवर करवंटीचा तुकडा उडाला होता आणि एक अंडं फुटलं होतं. टिटवी डोक्यावर किंचाळत होती. मी म्हणाले, "मग मला सांगायचं होतं." ते खाली बसले आणि करवंटीचे तुकडे वेचू लागले. कंडक्टर गप्प बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुढं तीन पिल्लं निघाली.

यंदा त्यांचे गुडघे गेलेत. ओट्यापलीकडे जाता येत नाही. काल मी एकटीच गेले. जुन्या धोंड्याजवळ टिटवी पुन्हा बसली होती. ती उडाली तेव्हा मी वाकून पाहिलं आणि तिथूनच फोन लावला.

"किती हायती?" त्यांनी विचारलं.

मी आयुष्यात कुणाला बरं वाटावं म्हणून बोलले नाही. अंडी तीन होती.

"चार," मी म्हणाले.